सव्वीसचा टायर सव्वीसच्या चाकाला का बसत नाही?

वाचकांचे प्रश्न : जुन्या सायकली

प्रश्न : संपादक महोदय, सप्रेम नमस्कार. माझ्या आजोबांनी मुंबईत घेतलेली, इंग्लंडमध्ये तयार झालेली रॅले सायकल आमच्याकडे आहे. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असून त्यावर ‘ए.डब्ल्यू.’ ही अक्षरे आणि ५२ हा आकडा ठोकलेला आहे. ऑगस्ट २०१९च्या महापुरात गावभागातल्या आमच्या घरात पाणी आले, तेव्हा ही सायकल सीटपर्यंत बुडालेली होती. गेल्या वर्षी तिचे संपूर्ण ओव्हरऑइलिंग करून घेतले. गिअर आणि ब्रेक उत्तम चालतात. अडले आहे ते टायरपाशी. जुन्या टायरच्या कडेवर ‘२६ × १-१/४’ असे पुसट वाचता येते. दुकानदाराने ‘२६ × १-३/८’ असा टायर दिला आणि “सव्वीसचाच आहे, एक सूत (इंचाचा आठवा भाग) जाड आहे एवढेच, बसेल,” असे सांगितले. तीन मिस्त्रींनी प्रयत्न केले. दोन ट्यूब फाटल्या आणि शेवटी टायरची तारच तुटली. टायर सदोष होता, की पुराच्या पाण्यात राहून रिम फुगली आहे? माझ्या वडिलांना या सायकलवरून एकदा तरी आयर्विन पूल ओलांडायचा आहे. काय करावे?
— एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : आपला टायर सदोष नव्हता आणि आपली रिमही फुगलेली नाही. पोलादी रिम पाण्यात राहून गंजते, क्वचित आतून खाल्ली जाते, पण तिचा व्यास वाढत नाही. दुकानदारानेही आपल्याला जाणूनबुजून चुकीचा माल दिला असे मला वाटत नाही. सायकलच्या टायरवर इंचांचे जे आकडे छापलेले असतात ते कशाचे असतात, हे फार थोड्या दुकानांत माहीत असते आणि घोटाळ्याचे मूळ तिथेच आहे.

‘२६ × १-१/४’ यातला २६ हा आकडा रिमचा नसून, टायर बसवून हवा भरल्यानंतर चाकाचा बाहेरून बाहेरपर्यंत जो व्यास भरतो त्याचा आहे. दुसरा आकडा टायरच्या जाडीचा. टायर चाकाच्या वरही असतो आणि खालीही असतो, त्यामुळे रिमवर टायर जिथे बसतो त्या जागेचा व्यास काढायचा असेल, तर बाहेरच्या व्यासातून जाडीची दुप्पट वजा करावी लागते. आपल्या जुन्या टायरसाठी २६ मधून अडीच वजा केले की साडेतेवीस इंच उरतात, म्हणजे ५९७ मिलिमीटर. दुकानदाराने दिलेल्या टायरसाठी २६ मधून पावणेतीन वजा केले की सव्वातेवीस इंच उरतात, म्हणजे ५९० मिलिमीटर. टायर एक सूत जाड घेतला तर त्याची बसण्याची जागा मोठी होत नाही. ती दोन सुतांनी लहान होते. बाहेरून पाहिले तर दोन्ही चाके सव्वीसचीच, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर कोणत्याही मिस्त्रीला चढवता येणार नाही.

सात मिलिमीटर म्हणजे फार वाटत नाहीत. परंतु व्यासातले सात मिलिमीटर म्हणजे परिघातले बावीस, आणि टायरच्या दोन्ही कडांमध्ये पोलादी तारेचे जे कडे असते ते ताणले जाण्यासाठी बनवलेलेच नसते. ताणले न जाणे हेच त्या तारेचे काम आहे. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले तेव्हा टायर चाकाला कापडाने गुंडाळून चिकटवलेला असे, आणि एक पंक्चर काढायचे म्हणजे ते सगळे उकलून पुन्हा बांधावे लागे. १८९० मध्ये चार्ल्स वेल्च यांनी कडेत न ताणणारी तार घालून टायर रिममध्ये अडकवण्याची युक्ती शोधली, आणि आज पंक्चरवाला दहा मिनिटांत ट्यूब बाहेर काढून दाखवतो तो त्या तारेमुळेच. (आपल्या जिल्ह्यात १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात बेळगावातल्या सायकलच्या दुकानातून झाली आणि ते सालही १८८८च. त्यामुळे हवेच्या टायरचे आणि त्या दुकानाचे वय एकच आहे.) तार तुटेपर्यंत जोर लावला गेला, याचा अर्थ मिस्त्री प्रामाणिकपणे झटले, पण पुढच्या वेळी टायरचा शेवटचा वीतभर भाग हाताने आणि दोन लिव्हरनी चढत नसेल तर तिथेच थांबायला सांगा. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याची वेळ आली, की बहुतेक वेळा टायर चुकीचा असतो.

आता एक सावधगिरी. जुन्या टायरवर ‘२६ × १-१/४’ होते म्हणून रिम ५९७चीच आहे, असे मी अगदी शपथेवर सांगणार नाही. आपण वर्णन केलेली सगळी लक्षणे तिकडेच बोट दाखवतात. त्या काळच्या इंग्लंडमधल्या हलक्या सायकलींना हे माप असे, आणि हबवरचा ५२ हा आकडा १९५२ हे उत्पादनाचे वर्ष सांगतो. तरीही सत्तर वर्षांत एखादे चाक बदलले गेलेले असू शकते, म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी दोन्ही चाके वेगवेगळी मोजा. व्यास मोजायच्या भानगडीत पडू नका, कारण मधे हब येतो आणि दोन-तीन मिलिमीटरची चूक सहज होते. त्याऐवजी परिघ मोजा. रिमची आतली पट्टी काढा, मधल्या खोलगट भागाच्या दोन्ही बाजूंना टायरची तार जिथे टेकते ती अरुंद पायरी शोधा, आणि तिच्यावरून न ताणणारी बारीक तार एक पूर्ण वेढा फिरवून ती सरळ करून मोजा. सुतळी किंवा शिंप्याची टेप वापरू नका. दोन्ही ताणल्या जातात. वेढा सुमारे १८७५ मिलिमीटर भरला तर रिम ५९७ची, १८५४च्या आसपास भरला तर ५९०ची. जुना टायर अजून टाकून दिला नसेल तर काम याहून सोपे आहे. त्याची कड कापून तारेचे कडे मोकळे करा आणि त्याची लांबी मोजा. तेवढ्यासाठी तरी कुजलेला टायर जपून ठेवावा, असे माझे प्रत्येकाला सांगणे असते.

सव्वीसच्या नावाखाली आणखीही मापे फिरतात. ‘२६ × १-१/२’ची जागा ५८४ मिलिमीटरची. जाड टायरच्या माउंटन सायकलींची सव्वीस इंची चाके ५५९ची, आणि त्यांच्या टायरवर जाडी अपूर्णांकात न लिहिता दशांशात लिहिलेली असते. येथे अंकगणित आपल्याला फसवते. १.७५ आणि १-३/४ या गणिताने एकच संख्या आहेत, पण २६ × १.७५चा टायर ५५९च्या रिमचा आहे आणि २६ × १-३/४चा ५७१च्या. म्हणून अपूर्णांकाच्या जागी दशांश किंवा दशांशाच्या जागी अपूर्णांक कधीही चालवून घेऊ नये, मग दुकानदार कितीही ओळखीचा असो.

या सगळ्यातून सोडवणारी एक खूण टायरच्या कडेवरच असते. इंचांच्या आकड्यांजवळ बारीक अक्षरांत ‘३२-५९७’ किंवा ‘३७-५९०’ असे दोन आकडे जोडून लिहिलेले दिसतात. पहिला टायरच्या रुंदीचा, दुसरा बसण्याच्या जागेच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. मागायचे ते दुसऱ्या आकड्याने. जुन्या इंग्रजी रिमवर किंवा टायरवर ‘ई.ए.१’ असे लिहिलेले सापडले तर ते ५९७, ‘ई.ए.३’ असेल तर ५९०.

आपल्या सायकलसाठी ५९७चा टायर मिळण्याची वाट सांगलीच्या बाजारातून जात नाही. तो परदेशातून मागवावा लागेल आणि मागवताना एक गंमत लक्षात ठेवावी लागेल. अमेरिकेतल्या श्विन कंपनीच्या जुन्या हलक्या सायकलींना हेच ५९७चे माप आहे, पण तिथे त्या टायरवर ‘२६ × १-३/८’ असे लिहितात आणि सोबत ‘एस-६’ अशी खूण असते. म्हणजे आपल्या हातात आलेल्या, न बसणाऱ्या टायरवर जे आकडे होते, त्याच आकड्यांचा दुसरा टायर आपल्या सायकलला बरोबर बसेल. विक्रेत्याकडून टायरच्या कडेचे छायाचित्र मागवा आणि त्यात ५९७ हा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय पैसे पाठवू नका. तो टायर ३७ मिलिमीटर रुंदीचा असेल तर मूळ टायरपेक्षा पाच मिलिमीटर जाड होईल, म्हणून मडगार्डच्या आत आणि मागच्या चिमट्याच्या दोन पायांमध्ये तेवढी मोकळी जागा आहे का, हे आधी पाहून घ्या. ट्यूब मात्र इथलीच २६ × १-३/८ची चालते, कारण ट्यूब ताणली जाते आणि सात मिलिमीटरने तिला काही होत नाही. जुन्या रिमचे भोक आपल्या नेहमीच्या वॉल ट्यूबच्या व्हॉल्व्हला पुरते आणि मोटारसायकलसारख्या व्हॉल्व्हची ट्यूबही त्यात बसते.

दुसरा मार्ग रिम बदलण्याचा. आपलेच हब ठेवून ५९०च्या रिमवर चाके नव्याने विणून घेतली, तर पुढे आयुष्यभर टायरसाठी वणवण करावी लागणार नाही, कारण ५९०चे टायर लेडीज सायकलींसाठी आणि हलक्या रोडस्टरसाठी आपल्याकडे आजही मिळतात. त्रिज्येत फरक जेमतेम साडेतीन मिलिमीटरचा पडतो आणि बाजूने चिमटणाऱ्या ब्रेकचे रबर त्यांच्या खाचेत तेवढे खाली सरकवता येते. अडचण येते ती भोकांची. त्या काळच्या इंग्रजी सायकलींना पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० स्पोक असत. तेव्हा आपल्या हबची भोके मोजून त्याच संख्येची रिम मिळते का हे पाहावे लागेल. स्पोकही नवे आणि किंचित आखूड घ्यावे लागतील, नाहीतर त्यांची टोके निपलमधून (स्पोक रिमला घट्ट धरणाऱ्या छोट्या नटातून) वर येऊन ट्यूबला टोचतील.

मला विचाराल तर या सायकलसाठी मी पहिला मार्ग घेईन. गिअर, ब्रेक आणि चाके मूळची टिकून असलेली सायकल महापुरातून वाचली आहे. केवळ टायर सहज मिळावा म्हणून तिच्या रिम काढून टाकणे मला मान्य होत नाही. पण वडिलांचे वय आणि त्यांची इच्छा यांना महिनोन्‌महिने वाट पाहायला लावणेही बरे नाही. टायर लवकर येण्याची चिन्हे नसतील तर खुशाल दुसरा मार्ग धरा. मात्र जुन्या रिम भंगारात देऊ नका. पुसून, तेलाचा हात फिरवून माळ्यावर टांगून ठेवा, म्हणजे पुढे कधीही सायकल मूळ रूपात आणता येईल.

टायर आल्यावर घाईने चढवू नका, कारण पुराचे पाणी पिऊन वाळलेल्या रिमची खरी परीक्षा आतून करायची असते. बाहेरची चकाकी फसवी असते. पट्टी काढल्यावर प्रत्येक निपलच्या भोकाभोवती टोकदार वस्तूने टोचून पाहा. पापुद्रे सुटत असतील किंवा टोक आरपार जात असेल तर ती रिम कितीही मौल्यवान असली तरी रस्त्यावर नेण्याजोगी राहिलेली नाही. नुसता वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने तो काढा, आतल्या बाजूला रेड ऑक्साइडचा हात द्या, वर आलेली स्पोकची टोके कानशीने घासून घ्या आणि नवी पट्टी बसवा. चाकाचा आऊट काढण्याचे, म्हणजे डोलणारे चाक सरळ करण्याचे काम टायर चढवण्यापूर्वीच करून घ्या. टायर चढवताना कडांना साबणाचे पाणी लावावे आणि आधी चढलेली तार रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत जावी, म्हणजे शेवटच्या टप्प्यात ढील मिळते. हवा आधी अर्धीच भरा. टायरच्या कडेवरची बारीक उंच रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते का ते चाक फिरवून पाहा, कुठे दबलेली किंवा वर आलेली असेल तर हवा सोडून तो भाग हाताने नीट करा, आणि मगच कडेवर छापलेल्या मर्यादेच्या आत राहून पूर्ण हवा भरा.

प्रश्न : माझ्याकडे रॉड ब्रेकची २४ इंची काळी सायकल आहे. दुकानात २४ इंची टायर मागितला तर तो फारच लहान निघाला. दरम्यान एका बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर कागदात गुंडाळलेले, कधीही न वापरलेले जुने टायर मिळाले आहेत आणि त्यांचे माप बरोबर आहे. ते बसवावेत का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्याकडे सायकलला २२ इंची किंवा २४ इंची म्हणतात ते सांगाड्याच्या उंचीवरून, चाकावरून नव्हे. रॉड ब्रेकच्या त्या काळ्या मर्दानी सायकलींची चाके जवळजवळ नेहमी २८ × १-१/२ची असतात. २८ मधून तीन वजा केले की पंचवीस इंच, म्हणजे ६३५ मिलिमीटर. टायरवर ‘४०-६३५’ असे पाहून घ्या. हल्लीच्या गिअरच्या सायकलींच्या काही टायरवरही २८ लिहिलेले असते, पण त्यासोबत ६२२ असेल तर तो घेऊ नका, तो आपल्या रिमवर चढणार नाही.

माळ्यावरचे टायर बसवू नका, असेच मी आपल्याला आग्रहाने सांगेन. न वापरलेला टायर नवा असतो, हा समज मनातून काढून टाकावा लागतो. रबर नुसते पडून राहिले तरी हवेतल्या प्राणवायूने आणि ओझोनने ते कडक होत जाते, त्याला बारीक भेगा पडतात, आणि कागदाच्या आत दमटपणा साठला असेल तर आतले सुती कापड कुजते आणि कडेची तार गंजते. यातले बरेचसे बाहेरून दिसत नाही. टायरचा एक भाग हातात घेऊन उलट्या दिशेने वाकवून पाहा. कडेवर केसासारख्या भेगा उघडल्या, कापडाचा कर्र असा आवाज झाला किंवा तारेजवळ तांबूस डाग दिसला तर निर्णय झालाच. पण या परीक्षेत ते उतरले तरी मी ते रस्त्यावर वापरणार नाही. सांगलीच्या सपाट रस्त्यावर जुना टायर फुटला तर सायकल ढकलत घरी यावे लागते. यवतेश्वराच्या घाटातून उतरताना पुढचा टायर फुटला तर प्रसंग जिवावर बेततो, आणि रॉड ब्रेकची सायकल त्या उतारावर तशीही चटकन थांबत नाही.

सुदैवाने २८ × १-१/२ हे माप आपल्या देशात दुर्मीळ झालेले नाही. दूधवाले, पाववाले, भाजीवाले यांच्या सायकलींसाठी त्याचे उत्पादन चालू आहे, त्यामुळे आय.एस.आय. चिन्ह असलेला ताजा टायर कोणत्याही मोठ्या पेठेत मिळतो. माळ्यावरचे टायर टाकून मात्र देऊ नका. सायकल प्रदर्शनात उभी करायची असेल तेव्हा ते तिला शोभतील. एरवी अंधाऱ्या, कोरड्या जागी, विजेच्या मोटारीपासून दूर ठेवा, कारण मोटारीच्या ठिणग्यांतूनही ओझोन तयार होतो.

प्रश्न : वडिलांच्या सायकलचा बाटलीसारखा डायनामो अजून चालतो, पण नव्या टायरची कड तो महिनाभरात खाऊन टाकतो. टायर कोणता घ्यावा?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ज्या टायरच्या कडेवर बारीक उभ्या रेघांचा पट्टा असतो तो घ्या, तो पट्टा डायनामोचे चाक फिरण्यासाठीच दिलेला असतो. पण महिनाभरात कड खाल्ली जात असेल तर दोष बहुधा डायनामो बसवण्यातला आहे. डायनामोच्या मध्यातून जाणारी कल्पित रेषा चाकाच्या ॲक्सलच्या मध्यावर जाऊन मिळाली पाहिजे. ती पुढे किंवा मागे कललेली असेल तर डायनामोचे चाक कडेवर नुसते फिरत नाही, घासत राहते. क्लॅम्प सैल करून एक सरळ पट्टी डायनामोला टेकवा, तिचे दुसरे टोक ॲक्सलवर येईपर्यंत डायनामो फिरवा आणि घट्ट करा. टायरमध्ये हवा पूर्ण ठेवा, म्हणजे कड आत दबणार नाही, आणि दिवसा डायनामो टायरपासून दूर ओढून ठेवायला विसरू नका.